दोन गाड्यांचा हंगाम

दिवाळी सरली की आमच्या सावेडीच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस असा रचलेला की विजेच्या तारांना टेकेल की काय, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी कर्णा. आधी गाणं येतं, मग ट्रॅक्टर, आणि सगळं पुढं गेल्यावर मागं पाचटाचा हिरवट, गोडूस वास रेंगाळतो. रस्ता अडतो म्हणून शेजारीपाजारी करवादतात. मी खिडकी लावून घेते. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी हंगाम सुरू झाला की माझे कान रस्त्याला लागतात, आणि कारखान्यांचा पट्टा पडून गाळप थांबेपर्यंत ते काही सुटत नाहीत.

यंदा त्यात भर पडली. आमची नात सई सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागली आहे, राहायला आमच्याकडंच. बसला कंटाळली. परवा संध्याकाळी येऊन आजोबांच्या खुर्चीपाशी फतकल मारून बसली आणि मोबाईल त्यांच्या नाकाशी धरला. पडद्यावर दोन मोटारसायकली. एक लाल, एक काळी.

"दोन्ही साडेतीनशे सीसीच्या आसपासच्या आहेत आजोबा. रोज जायला-यायला. सांगा, कुठली घेऊ?"

ह्यांनी चष्मा पुसला. मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथं माझं काहीही काम नव्हतं.

बाहत्तरच्या दुष्काळाआधीचा हंगाम. आम्ही तेव्हा काष्टीच्या बाजूला, एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालेलं. हे शेतकी ओव्हरसिअर. म्हणजे गावोगाव फिरून कुणाचा ऊस कधी तोडायचा, टोळी कुठं पाठवायची, हे बघायचं काम. सायकलवर सोळा-सतरा गावं होत नाहीत, म्हणून कारखान्यानं सांगितलं, मोटारसायकल घ्या, पेट्रोल आम्ही देऊ. नव्या गाडीला त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. लोकांची लग्नं होऊन पोरं शाळेत जायची, तरी नंबर यायचा नाही. तेव्हा जुनी घेणं आलं. आणि इतके दिवस जिथं एकही मिळत नव्हती, तिथं त्या दिवाळीत एकदम दोन मिळाल्या.

गाड्यांची नावं मी सांगत नाही. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना वर्णनावरून कळेल, आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांचं नावावाचून काही अडणार नाही. लाल होती एका डॉक्टरांची. त्यांनी मोटार घेतली, म्हणून ती विकायला काढलेली. ठेंगणीठुसकी, टाकीवर चकचकीत पत्रा, दोन्ही बाजूंना दोन नळ्या. किकचाच दांडा पुढं दुमडला की गिअरचा दांडा व्हायचा, ते मला फार मौजेचं वाटायचं. पेट्रोलमध्ये ऑइल घालून प्यायची आणि निळा धूर सोडत टर्र करून पळायची. काळी नगरच्या कॅम्पातल्या लष्कराच्या लिलावातून आलेली. वरून काळा रंग मारलेला, पण जिथं खरवडलं होतं तिथून आतला मिलिटरीचा हिरवा दिसायचा. अंगानं म्हशीसारखी. किक मारताना चुकलात तर दांडा उलटा येऊन पायाचा घोटा फोडेल अशी तिची ख्याती होती. आणि आवाज! तो नुसता कानाला नाही, पायाखालच्या फरशीला कळायचा.

दोन्ही मालक ओळखीचे. "महिनाभर फिरवून बघा, मग ठरवा," म्हणाले. झालं, आमच्या क्वार्टरपुढं दोन गाड्या उभ्या राहिल्या. कॉलनीतल्या बायका विचारायच्या, "काय वहिनी, दोन-दोन सवती?" मीही हसायचे. दोन्हींवर ह्यांचा जीव. एक दिवस लाल, एक दिवस काळी, म्हणजे कुणावर अन्याय नको. हा माणूस न्यायाधीश व्हायचा तो चुकून उसात शिरला, असं मी तेव्हा म्हणायचे.

पण त्या न्यायात एक खोट होती, आणि ती पहिल्यांदा दाखवली याकोबभाऊंनी. याकोबभाऊ कारखान्याच्या गॅरेजमध्ये फिटर. रविवारी सकाळी देवळातून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून, पांढऱ्या सदऱ्यात परत येताना आमच्याकडं डोकवायचे आणि सदऱ्याला डाग न पडू देता दोन्ही गाड्या तपासायचे.

"सायेब, एक बोलू का? ह्या लालचा बिरेक उजव्या पायाला हाय, गेर डाव्या. काळीचं निम्मं उलटं न्हाई, समदंच उलटं. गेर उजव्या, बिरेक डाव्या. आज ही, उद्या ती, असं नगा करू. पाय येडा हुतो."

"पाय वेडा होतो, डोकं तर नाही ना होत?" हे म्हणाले.

"डोक्याला टाइम कुठं मिळतो सायेब? पाय आधी पळतो."

त्याच आठवड्यात मामंजी, ह्यांचे तात्या, गावाहून आले होते. माझे सासरे कमी बोलायचे, आणि बोलले की ते ऐकावं लागायचं. ते ओट्यावर तंबाखू मळत ऐकत होते. म्हणाले, "बैलाचं बी असंच हाय. जो उजव्या अंगाला जुपायचा, त्यो जलमभर उजव्या अंगालाच जुपायचा. बाजू बदलली की शाना बैलबी बिथरतो. तू दत्तू, येक कायतरी ठरीव अन् दुसरी आजच्या आज वाटंला लाव." ज्यानं चाळीस वर्षं बैल जुंपले त्याचं ते बोलणं होतं. ह्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी काळी काढली, कारण आदल्या दिवशी लाल नेली होती.

एकदा शेजारच्या खुराड्यात गाडी शिरली. तीन कोंबड्या दगावल्या, आणि हसण्यावारी गेलं. मग एक दिवस हे मला काष्टीच्या बाजाराला घेऊन गेले, काळीवर. परतताना ऊन उतरलं होतं. मांडीवर मेथीची पिशवी, एका बाजूला दोन्ही पाय सोडून मी बसलेली. रस्ता पाटाच्या कडेकडेनं. समोरून एकाएकी शेळ्या आल्या, आणि ह्यांचा उजवा पाय खाली गेला. मी मागून तो बघितला. तो जोरात खाली गेला आणि गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही. लालवर तिथं ब्रेक असायचा. शेळ्या दोन्हीकडं पांगल्या, गाडी पाटाच्या भरावावर चढली आणि पुढचं चाक काठापाशी येऊन कशीबशी थांबली. खाली पाणी भरून वाहत होतं. मग हे म्हणाले, "अगं, मेथी सांडली वाटतं." मेथी पाण्यातून कारखान्याच्या दिशेनं निघालीही होती.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. मी त्या पायाच्या मागं बसले होते.

त्या कॉलनीत आम्ही बायका कानांनी जगायचो. हंगामात कारखाना रात्रंदिवस घरघरत असायचा. नव्यानं आलेलीला झोप यायची नाही, आणि महिन्याभरानं ती घरघर जरा बदलली तरी जाग यायची. पाळी बदलली की भोंगा. तो ठरल्या वेळेला वाजला तर कुणी मान वर करायचं नाही. अवेळी वाजला की मात्र हातातलं टाकून सगळ्या दारात यायच्या. अवेळी भोंगा म्हणजे आत कुणाचं तरी काहीतरी झालं. मग नाव कळेपर्यंत कुणी कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. नाव कळलं की एकीच्या घरात आकांत, आणि बाकीच्यांना सुटल्याचा जो आनंद व्हायचा त्याची लाज वाटून सगळ्या तिच्याकडं धावायच्या. मीही धावलेली आहे.

ज्यांचे नवरे कारखान्यात, त्यांना भोंगा तरी होता. माझे हे बाहेर, सोळा गावांच्या धुळीत. त्यांच्यासाठी कोण भोंगा वाजवणार? अंधार पडायला लागला की रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या सुरू व्हायच्या. ऊस गाडीच्या मागं हात-दोन हात बाहेर आलेला, गाडीवान वर झोपलेला, बैल आपले वाट माहीत म्हणून चाललेले. दोन चाकांमधल्या आसाखाली एक कंदील टांगलेला असला तर असला. अंधारात ती गाडी दिसायची नाही, दिसायचा नुसता रस्ता काळा झालेला. हे घरी येऊन सांगायचे, "आज एक गाडी अगदी नाकाशी आली." सांगून जेवायला बसायचे. ते जेवायचे, आणि मी माझं ताट झाकून ठेवायचे.

त्यातच डिसेंबरात लढाई लागली. नगर लष्कराचं गाव, त्यामुळं तिथला धाक आमच्यापर्यंत यायचा. खिडक्यांना खाकी कागद. गाड्यांच्या दिव्याच्या काचेवर अर्धा काळा रंग. गाडीवानांना सांगितलं, कंदील लावू नका. आकाशातून काही यायचं होतं म्हणे. आकाशातून काहीच आलं नाही, पण खालचे दिवे गेले.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ. हे लाल घेऊन गेले होते. साडेपाचला येतो म्हणाले होते, सात वाजत आले. मी ओट्यावर उभी राहून कान देत होते. लालचा आवाज कारखान्याच्या घरघरीत विरून जायचा. ती अंगणात येईपर्यंत कळायचीच नाही. आणि तेवढ्यात अवेळी भोंगा वाजला. सगळीकडं दारं उघडली. विमानांचा म्हणून वाजला की आतल्या कुणाचा म्हणून, कुणालाच कळेना. बायका एकमेकींना हाका मारत होत्या, एक म्हातारी रडायला लागली होती, आणि मला मात्र खात्री होती की हा माझाच आहे. का, ते विचारू नका. मी अनवाणी फाटकाकडं पळत सुटले. फाटकाशी पोचते तोच मागून खांद्यावर हात पडला.

"अगं, कुठं निघालीस? मी केव्हाचा आलोय."

मी किंचाळले. मग त्यांच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या, भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत. ते मागच्या बाजूनं आले होते आणि मला ऐकूच आलं नव्हतं. भोंगा चुकून वाजला होता, हे नंतर कळलं.

त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "महिना केव्हाच उलटला. आता सांगून टाकायला हवं. याकोब म्हणतोय लाल घ्या, पायाला तीच सवय आहे. तात्याही तेच म्हणतात. तुझं काय?"

मी ताटातलं निवडत म्हणाले, "काळी घ्या."

"का गं? तुलाच तर लाल आवडायची."

"तिच्या धुराचे डाग पडतात लुगड्याला."

खोटं. एकही डाग पडला नव्हता. खरं एवढंच होतं की काळी पाटाच्या पुलावर आली की मला घरात ऐकू यायची. पूल आमच्यापासून अर्धा मैल. ह्यांचा जीव अर्धा मैल आधी माझ्या हातात यायचा, तेवढ्यासाठी मी ती मागून घेतली. शेळ्यांचा दिवस मला आठवत होता. तो खाली गेलेला पाय डोळ्यांपुढं होता. तरी म्हणाले, काळी घ्या. भीती माणसाला सावध करते म्हणतात. मला तिनं आप्पलपोटी केलं.

लाल दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं परत गेली. याकोबभाऊ रविवारी आले, रिकामी जागा बघितली. मग मला म्हणाले, "वैनी, आता निदान ह्या पायाला दुसरं काय शिकवू नका म्हनावं." मी चहा आणायला आत गेले.

पुढचे तीन आठवडे मात्र मी सुखात होते, हेही सांगायला हवं. लढाई संपली. खिडक्यांचे कागद निघाले. थंडी पडली. संध्याकाळी कारखान्याच्या घरघरीखालून ती धडधड उगवायची, लांबून, आधी शंका यावी इतकी बारीक. मग पूल येण्याआधी ती एकदम चढायची, जोरात, आणि पूल ओलांडून पुन्हा सावकाश व्हायची. मला वाटायचं, तिथं चढ असेल. आवाज चढला की मी स्टोव्हवर आधण ठेवायचे. गाडी अंगणात यायला आणि चहा गाळायला एक गाठ पडायची. शेजारणी म्हणायच्या, "हिला बरं कळतं!" मी मिरवायचे. पाय आता काळीला सरावला होता, निदान मी तसं धरून चालले होते. एक गोष्ट मात्र राहून गेली होती. दिव्याच्या काचेवरचा तो अर्धा काळा रंग. हे रोज म्हणायचे, रविवारी खरवडतो. गाडीवानांनाही कंदिलाशिवाय चालायची सवय लागली होती, रॉकेल वाचत होतं.

पौषातली संध्याकाळ. आवाज आला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी डाळ निवडत होते. पूल येण्याआधी तो रोजच्यासारखा चढला, मी उठून आधण ठेवलं, आणि आवाज तुटला. खाली आला नाही, लांब गेला नाही. नुसता तुटला. पुलावर कुणी भेटलं असेल, गाडी बंद करून बोलत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. पाणी उकळलं. मी साखर घातली. चहाची पूड घातली. गाळलासुद्धा. दोन कप समोर ठेवून बसले. कारखाना घरघरत होता आणि भोंगा काही वाजत नव्हता. वाजायचं कारणच नव्हतं, पुलावरचं काही कारखान्याचं नव्हतं.

एक बाई धावत आली. ऊसतोड टोळीतली, पाथर्डीकडची असावी. कमरेला खोचलेलं लुगडं, हात रक्तानं भरलेले. रक्त तिचं नव्हतं.

"ओवरशेराचं घर हेच का? चला बाई. तुमचा मानूस हाय की. जित्ता हाय, पर चला. आमच्या गाडीचा आस मोडला हुता, वाटंतच हुभी हुती ती. आमी वरडलाव वो, लई वरडलाव. त्या फटफटीच्या आवाजात काय ऐकू जातंय?"

मी गेले तेव्हा तिच्याच टोळीतल्या बायकांनी ह्यांना पाचटावर निजवलं होतं. एकीनं डोकं मांडीवर घेतलं होतं. उजवा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला. हे शुद्धीवर होते. मला बघून म्हणाले, "पाय चुकला गं." टेम्पोत घालताना म्हणाले, नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांना म्हणाले, मामंजी आले तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. याकोबभाऊंनी डोक्याला हात लावला. मामंजी खाटेच्या कडेवर बसून मुलाच्या धडधाकट पायावरून हात फिरवत राहिले. जाताना त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की निवड माझी होती. ह्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, "मलाच काळीची हौस." मी शेजारी उभी होते आणि मी ते सांगू दिलं.

तीन महिने पाय वजनं लावून टांगलेला. उठले तेव्हा दीड इंच आखूड. फिरती गेली, वजनकाट्यावर बसवलं. ज्याला सोळा गावांची पिकं नावानिशी ठाऊक, तो माणूस खिडकीतून गाड्या मोजत बसला तो निवृत्त होईपर्यंत. पुढच्या वर्षी पाऊसच आला नाही. ऊस जळला, कारखाना लवकर थांबला, आणि त्या कॉलनीत पहिल्यांदा इतकी शांतता झाली की लोक कुजबुजत बोलायला लागले. त्या शांततेत ह्यांचं एक पाऊल जड आणि एक हलकं फरशीवर ऐकू यायचं. मी कान बंद करायला शिकले नव्हते. अजूनही शिकले नाही.

मला कधी वाटायचं, सांगून टाकावं. लुगड्याला डाग पडला नव्हता म्हणावं. मग वाटायचं, आता काय उपयोग. पन्नास वर्षं हे "आता काय उपयोग" मला पुरलं.

परवा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि बाहेर ह्यांचा आवाज येत होता. त्यांना वाटतं, मला आता कमी ऐकू येतं. टीव्हीच्या बाबतीत तसं असेलही.

"एवढ्या आवाजाची घेऊ नकोस," ते सईला म्हणाले.

"का? पाय चुकतो म्हणून? आता सगळ्या गाड्यांचे ब्रेक एकाच बाजूला असतात आजोबा."

"पाय कुठं चुकला होता माझा?" ते म्हणाले. सहज. बाजारात काय मिळालं ते सांगावं तसं. "पाय नीट शिकला होता. पुलाच्या अलीकडं मी रोज एक गिअर खाली टाकायचो आणि मूठ पिळायचो, मुद्दाम. इंजिन ओरडायचं. तुझ्या आजीला आत कळायचं. मग मी मान वर करून कॉलनीकडं बघायचो. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिव्यापुढं ती उठलेली दिसायची, ठिपक्याएवढ्या सावलीसारखी. त्या दिवशीही दिसली. तेवढं बघितलं आणि पुढं उसाची गाडी उभी."

सई म्हणाली, "मग पाय चुकला असं का सांगितलंत सगळ्यांना?"

"मग काय सांगू? बायकोला वर्दी देताना पडलो म्हणून? लोकांनी तिला जगू दिलं असतं का? तिनं तरी स्वतःला जगू दिलं असतं का?"

मी ओट्याला धरून उभी राहिले. तिथं चढ नव्हता. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या पुलाशी चढ होता. मला माझी चूक पाठ होती, तिची मी रोज उजळणी करायचे, आणि ती चूकच नव्हती. होती ती दुसरीच काहीतरी, जिला नाव ठेवता येत नाही आणि माफीही मागता येत नाही. मला त्यांचा राग आला. मग रडू आलं, ते मी पदरात घेतलं.

तशीच बाहेर आले. मी म्हणाले, "लुगड्याला डाग पडले नव्हते."

हे माझ्याकडं बघत राहिले. "ठाऊक आहे," म्हणाले. "धुणं मीच तर वाळत घालायचो रविवारी."

सई एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. मग तिनं हळूच मोबाईल उलटा ठेवला. "आजी, मी खरं तर काल बुक करून आले. काळी. नुसतं विचारत होते." थांबून म्हणाली, "तू रोज गॅलरीत उभी असतेस ना, सात वाजल्यापासून. म्हटलं, लांबून ऐकू येईल तुला."

गाडी सोमवारी येणार आहे. सुप्याच्या रस्त्यावर आत्ताच ट्रॉल्यांची रांग असते, मागं ना दिवा ना चमकणारा तांबडा कागद. मुलीला नको म्हणण्याचा मला हक्क नाही, आणि म्हटलं तरी ती ऐकणार नाही. तिच्या अंगात आमचंच रक्त.

मी तिच्याजवळ खाली बसले. गुडघे दुखतात, तरी बसले. तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, "घराजवळ आलीस की काही कळवू नकोस मला. वर बघू नकोस. समोर बघ आणि गुपचूप ये. मी दारातच असते."